छोट्या कला महाविद्यालयाचा वार्षिक गुणवत्ता अहवाल : प्रगती काय दाखवावी आणि उद्दिष्टे किती ठेवावीत

आपल्या प्रश्नाचा सारांश मला असा समजला. तालुक्याच्या गावी असलेले, केवळ कला शाखेचे अनुदानित महाविद्यालय, पटावर साडेतीनशेच्या आसपास विद्यार्थी, मंजूर पदांपैकी निम्मी रिक्त आणि ती तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चाललेली. आयक्यूएसीचे, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, समन्वयकपद यंदा आपल्याकडे आले आहे, ३१ डिसेंबरपूर्वी मागील वर्षाचा एक्यूएआर (उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेला द्यायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल) भरायचा आहे आणि प्राचार्यांनी त्यासोबत पुढील वर्षाची उद्दिष्टेही "जरा भरघोस" मागितली आहेत. आपण लिहिले आहे की दाखवण्यासारखे आमच्याकडे फारसे काही नाही, तेव्हा ही उद्दिष्टे मोठी लिहावीत की आवाक्यातली. मराठवाड्यातील अशाच एका महाविद्यालयात हे काम दीर्घकाळ केलेले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. उद्दिष्टे चार-पाचच ठेवावीत आणि ज्यांचा पुरावा महाविद्यालयाच्या रोजच्या कामातूनच तयार होत जाईल, अशीच ठेवावीत. ज्या उद्दिष्टाचा पुरावा डिसेंबरमध्ये वेगळा बसून "तयार करावा" लागतो, ते उद्दिष्ट छोट्या महाविद्यालयाला परवडत नाही, कारण तो तयार करणारी माणसे तीच असतात, जी त्याच वेळी परीक्षेचे पर्यवेक्षण, शिष्यवृत्तीच्या अर्जांची पडताळणी आणि निवडणुकीचे काम करत असतात.

आता महाविद्यालयाचे बळ कुठे आहे, ते पाहू. २०१७ साली लागू झालेल्या नॅकच्या मूल्यांकन चौकटीत संलग्नित पदवी महाविद्यालयाला एकूण १००० गुण होते आणि त्यांतील ३५० एकट्या दुसऱ्या निकषाला, म्हणजे अध्ययन, अध्यापन आणि मूल्यमापनाला होते. संशोधन व विस्तारकार्याला ११०, विद्यार्थी साहाय्य व प्रगतीला १४० आणि उरलेल्या चार निकषांना प्रत्येकी १००. असे असूनही बहुतेक छोट्या महाविद्यालयांच्या कृती आराखड्यात पहिली ओळ "राष्ट्रीय चर्चासत्र आयोजित करणे" हीच असते. चर्चासत्र वाईट नाही, पण दोन दिवसांचे जेवण, मंडप, स्मरणिका आणि आयएसबीएन क्रमांकाचे पुस्तक यांत जो पैसा आणि जी शक्ती खर्च होते, तिच्या तुलनेत विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले, हे एकदा मोकळेपणाने विचारून पाहावे.

दुसऱ्या निकषातही सर्व काही आपल्या हातात नाही. मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, हा आकडा शासनाच्या भरतीवर अवलंबून आहे. वर्षभरातील नियमित कार्यभाराच्या किमान ९० टक्के काम करणारा तोच पूर्णवेळ शिक्षक, अशी नॅकची व्याख्या असल्याने तासिका तत्त्वावरील सहकारी कितीही मन लावून शिकवत असले तरी सहसा त्या आकड्यात येत नाहीत. तिथे आकडा फुगवू नये. पडताळणीत वेतन देयके मागितली की सगळे उघडे पडते. त्याऐवजी रिक्त पदांचा तपशील, त्यासाठी सहसंचालक कार्यालयाशी केलेला पत्रव्यवहार आणि रिक्त पद असूनही त्या विषयाचे किती तास प्रत्यक्ष झाले याची नोंद, एवढे नीट मांडावे. यातली शेवटची नोंद हीच खरी प्रगती आहे आणि नेमकी तीच कोणी ठेवत नाही.

निकालाचे घ्या. "तृतीय वर्षाचा एकूण निकाल अमुक टक्के" असे एक वाक्य लिहून आपण मोकळे होतो. त्या आकड्याची विषयवार आणि पेपरवार फोड केली, तर कला शाखेत बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते: मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांत विद्यार्थी तरतात आणि इंग्रजीत अडकतात. मग उद्दिष्ट "निकाल उंचावणे" असे न लिहिता, प्रथम वर्षात ज्यांना बारावीच्या इंग्रजीत काठावर गुण आहेत त्यांची जुलैमध्ये यादी करणे, आठवड्यातून दोन तास त्यांचा वेगळा वर्ग घेणे, सत्रात दोन छोट्या चाचण्या घेणे आणि सत्रान्त परीक्षेत त्यांच्यापैकी किती उत्तीर्ण झाले हे पाहणे, असे लिहावे. बारावीच्या गुणपत्रिका प्रवेश अर्जाला जोडलेल्याच असतात, वर्गाचे हजेरीपत्रक असते, चाचणीच्या उत्तरपत्रिका असतात, विद्यापीठाचा निकाल येतोच. वेगळा पुरावा काही करायचा राहत नाही. आणि एक्यूएआरमध्ये संथ गतीने व जलद गतीने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काय केले, असा जो प्रश्न असतो, त्याचे उत्तरही याच कामात मिळते.

याहून उपेक्षित जागा म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी कुठे गेला, ही माहिती. पाचव्या निकषात, म्हणजे विद्यार्थी साहाय्य व प्रगतीत, उच्च शिक्षणाकडे वळलेल्यांची आणि नोकरी लागलेल्यांची संख्या पुराव्यासह द्यावी लागते. डिसेंबरमध्ये आपण विद्यार्थ्यांना फोन करत बसतो, निम्मे क्रमांक बंद असतात, आणि शेवटी अहवालात दहा-बारा नावे जातात. प्रत्यक्षात प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी आपल्या कार्यालयाच्या खिडकीशी येतोच: दाखला न्यायला आणि गुणपत्रिका न्यायला. दाखल्याच्या मागणी अर्जावर "पुढे कोठे प्रवेश घेणार किंवा काय करणार", "पालकांचा दुसरा भ्रमणध्वनी क्रमांक" असे दोन रकाने छापून घ्यावेत, आणि तो अर्ज भरल्याशिवाय दाखला द्यायचा नाही, एवढे कार्यालयाला प्राचार्यांच्या सहीने लेखी कळवावे. पदवी प्रमाणपत्र न्यायला तो पुन्हा येतो, तेव्हा नव्या महाविद्यालयाचे ओळखपत्र किंवा शुल्काची पावती दाखवायला सांगून तिची छायाप्रत जोडून घ्यावी. या सगळ्याची किल्ली खिडकीमागे बसलेल्या लिपिकाकडे असते. त्यांना आयक्यूएसीच्या बैठकीला बोलवा, इतिवृत्तात त्यांचे नाव येऊ द्या. प्राध्यापकांच्या तीन समित्यांनी होत नाही ते काम त्या एका माणसाकडून होते.

या नोंदी सुरू केल्यावर महाविद्यालयाबद्दल आपल्यालाच ठाऊक नसलेल्या गोष्टी कळू लागतात. लग्न होऊन गेलेल्या मुली "शिक्षण सोडले" या सदरात आपण परस्पर घालतो, त्यांतल्या काहींनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घेतलेला असतो, आणि तो उच्च शिक्षणातच मोजायला हवा. पोलीस भरतीत निवड झालेले विद्यार्थी पेढे घेऊन येतात, आपण सत्कार करून छायाचित्र काढतो, पण निवड यादीचे पान कोणी जपून ठेवत नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यातील महाविद्यालय असेल, तर दिवाळीनंतर वर्ग का रोडावतात हेही या नोंदीतून दिसते. आई-वडील कारखान्यावर गेले की धाकट्या भावंडांची आणि गुराढोरांची जबाबदारी घरी राहिलेल्या मुलीवर येते. असे विद्यार्थी कोणते, हे ऑक्टोबरच्या आधी ठाऊक असले, तर अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा थोड्या पुढेमागे करता येतात. प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्यांपैकी तृतीय वर्षापर्यंत किती टिकले, हा आकडा एक्यूएआरमध्ये थेट विचारला जात नाही. तरीही आपल्यासारख्या महाविद्यालयाने दरवर्षी सर्वांत आधी पाहावा असा आकडा माझ्या मते तोच.

आता "भरघोस" उद्दिष्टांविषयी. एक्यूएआरच्या पहिल्या भागात वर्षारंभी आयक्यूएसीने ठरवलेला कृती आराखडा आणि वर्षअखेरीस त्यातून काय साधले, हे शेजारी-शेजारी लिहायचे असते. म्हणजे आज लिहिलेले प्रत्येक भारदस्त वाक्य पुढच्या डिसेंबरमध्ये आपल्यासमोर उत्तर मागत उभे राहणार. प्राचार्यांना हे एकदा तक्ता समोर ठेवून दाखवावे, ते समजून घेतील. "स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्र सक्षम करणे" याला उत्तर काय लिहिणार? "सक्षम केले" एवढेच. त्याऐवजी जूनअखेर नावनोंदणी, दर शनिवारी शेवटचे दोन तास, महिन्याला एक सराव चाचणी, असे लिहिले, तर वर्षअखेरीस चाचण्या दहाऐवजी सहाच झाल्या, तरी सहा झाल्या असे लिहिता येते. आणि तसेच लिहावे. "पूर्ण", "अंशतः पूर्ण" आणि "अपूर्ण" असे तिन्ही शेरे असलेला तक्ता वाचणाऱ्याला विश्वासार्ह वाटतो. सगळीकडे "पूर्ण" असले, तर त्याची नजर आपोआप बैठकांच्या इतिवृत्तांकडे वळते, आणि आयक्यूएसीची बैठक दर तिमाहीला किमान एकदा, दोन-तृतीयांश गणसंख्येने व्हावी असा दंडक असताना आपल्या वहीत वर्षाला दोनच बैठका आढळतात.

दिनविशेषांबाबत थोडे स्पष्ट बोलतो. २१ जूनचा योगदिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. हे सर्व साजरे व्हावेत, त्यांची अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे अहवालाला जोडली जावीत, पण त्यांना प्रगती म्हणू नये. तीच गोष्ट सामंजस्य करारांची. शेजारच्या चार महाविद्यालयांशी केलेले आणि नंतर कपाटात पडून राहिलेले करार मोजण्यापेक्षा एकाच सार्वजनिक ग्रंथालयाशी केलेला आणि खरोखर वापरात असलेला करार पुरेसा आहे.

मोठे म्हणावे असे एकच उद्दिष्ट मी आपल्याला सुचवीन, आणि ते राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेल्या कामाचे आहे. आपल्या संलग्नित महाविद्यालयांत हे धोरण प्रथम वर्षाला २०२४-२५ पासून आले, म्हणजे ती तुकडी २०२६-२७ मध्ये तृतीय वर्षाला आणि २०२७-२८ मध्ये चार वर्षांच्या पदवीच्या चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर असेल. क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना आता श्रेयांक (क्रेडिट) आहेत. शहरातील महाविद्यालयाला कंपन्या मिळतात, तालुक्याच्या कला महाविद्यालयाने कुठे पाठवायचे, हा प्रश्न सर्वांनाच पडला आहे. पण जरा आजूबाजूला पाहिले, तर ग्रामपंचायत कार्यालय, पतसंस्था, बाजार समिती, सार्वजनिक ग्रंथालय, तालुक्याचे साप्ताहिक, कृषी विज्ञान केंद्र आणि बचत गटांचे प्रभागसंघ या सर्व ठिकाणी लिहिता-वाचता येणाऱ्या, नोंदी ठेवू शकणाऱ्या मुलामुलींची गरज असते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी बाजार समितीत आवकेच्या आणि भावाच्या नोंदी महिनाभर उतरवून त्यांचा आलेख काढू शकतो. इतिहासाची विद्यार्थिनी गावातील जुन्या बारवेची मापे, शिलालेखाचे छायाचित्र आणि वृद्धांच्या आठवणी एकत्र करू शकते. मराठीचा विद्यार्थी ग्रंथालयातील जुन्या दिवाळी अंकांची सूची करू शकतो. असे प्रकल्प तीन-चार वर्षे सातत्याने झाले आणि त्यांच्या प्रती ग्रंथालयात नीट बांधून ठेवल्या, तर सातव्या निकषात संस्थेचे वेगळेपण आणि उत्तम उपक्रम म्हणून काय लिहावे, ही विवंचना उरत नाही. पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट मात्र एवढेच ठेवावे: दहा ठिकाणांची यादी, प्रत्येक ठिकाणच्या एका जबाबदार व्यक्तीची लेखी संमती आणि विद्यार्थ्याने भरायच्या दैनंदिनीचा एक पानाचा नमुना.

प्रत्येक उद्दिष्टापुढे ते कोण करणार आणि पैसा कोठून येणार, हे दोन रकाने असावेत आणि आराखडा महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. जबाबदारी तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यावर टाकू नये. पुढच्या जूनमध्ये ते त्याच महाविद्यालयात असतील याची हमी त्यांना स्वतःलाही नसते.

आपण शेवटी विचारले आहे की श्रेणी पद्धत जाऊन द्विस्तरीय मूल्यांकन येणार, म्हणजे केवळ "मूल्यांकित" किंवा "मूल्यांकित नाही" असे ठरणार, अशी घोषणा २०२४ च्या जानेवारीत झाली, मग हा अहवाल भरण्यात अर्थ काय. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी समितीच्या सदस्यांना लाच प्रकरणात सीबीआयने अटक केल्यापासून अनेक प्राध्यापकांच्या मनात ही शंका अधिक बळावली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु भेट देणाऱ्या समितीची भूमिका जसजशी कमी होईल, तसतसा भार नोंदींवरच येईल. मूल्यांकनाच्या दुसऱ्या किंवा त्यापुढील फेरीसाठी मागील वर्षांचे एक्यूएआर नियमित भरलेले असणे आजवर पूर्वअट राहिली आहे. शिवाय वर सांगितलेला विषयवार निकाल, गळतीचा आकडा आणि दाखल्याच्या अर्जावरील नोंद यांची गरज नॅकच्याही आधी आपल्या विभागांना आहे.

डिसेंबरसाठी व्यावहारिक क्रम असा ठेवा. आधी कार्यालयाकडून प्रवेशसंख्या संवर्गनिहाय घ्या आणि ती एआयएसएचईला, म्हणजे केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाला, पाठवलेल्या आकड्यांशी जुळवून पाहा. या दोन ठिकाणी वेगवेगळे आकडे जाणे हा पडताळणीत सापडणारा नेहमीचा दोष आहे. त्यानंतर परीक्षा विभागाकडून निकाल, मग विभागांकडून कार्यक्रमांचे अहवाल, आणि वर्णनात्मक मजकूर सर्वांत शेवटी. वर्णन आधी लिहिले की आकडे त्याच्या मागे ओढले जातात. आपले विद्यापीठ कोणते आणि महाविद्यालयाची ही कितवी फेरी, हे कळवलेत, तर चौथे वर्ष सुरू करावे की नाही, याबद्दल वेगळे लिहीन. तो निर्णय विभागातील पूर्णवेळ शिक्षकांच्या संख्येवर इतका अवलंबून आहे की त्याला सरसकट उत्तर देता येत नाही.