अभ्यासाचा ग्रुप काढण्याआधी

अख्ख्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभ्यास होत नाही. तिथे नोटिसा आणि वाढदिवसच चालतात. एका विषयाला पाच-सहा जणांचा वेगळा ग्रुप काढ. नोट्स टेलिग्रामवर ठेव: तिथे 2 जीबीपर्यंतची फाइल जाते, जुनी चर्चा नव्या सदस्यालाही दाखवता येते. फाइलला ‘गणित-3, युनिट-2, लाप्लास’ असं नीट नाव दे; नुसतं ‘स्कॅन 14’ परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला सापडणार?

शंका विचारताना ‘हे गणित येत नाही’ एवढंच लिहू नकोस. प्रश्नाचा फोटो टाक, जमल्या तेवढ्या पायऱ्या टाक, अडलेल्या ओळीभोवती गोल कर. मग उत्तर देणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो. आलेलं उत्तर मात्र पुस्तकाशी ताडून बघच; एक चुकीची पायरी फॉरवर्ड होत होत सगळ्यांच्या वहीत उतरते.