डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही? फॉरमॅटच्या आधी बायोस बघा

प्रश्न (इंदिरानगर): घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. महिनाभरापासून ‘धिस पीसी’मध्ये डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही. बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो, दिवाही लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि ‘कोड ३९’ आहे. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट मारावं लागेल. लग्नाच्या डीव्हीडी कॉपी करायच्या आहेत. काय करू?

उत्तर: फॉरमॅट अजिबात मारू नका. या दुखण्याला त्याची गरज नाही.

ट्रे उघडतो म्हणजे ड्राइव्ह ठीक, असं धरून चालू नये. ट्रेला फक्त वीज लागते. वीज एका केबलने येते आणि माहिती दुसऱ्या केबलने जाते, त्यामुळे ट्रे झकास उघडत असला तरी कॉम्प्युटरला ड्राइव्हचा पत्ताच नसतो, असंही होतं. म्हणून पहिली तपासणी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये. मशीन चालू होताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. एचपीच्या मशीनवर बहुधा एफ१० चालतं. साटा (हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) उपकरणांच्या यादीत ड्राइव्हचं नाव असेल तर बिघाड विंडोजमध्ये, नसेल तर केबल, पोर्ट किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये. तुमच्याकडे डिव्हाइस मॅनेजरच नाव दाखवतोय, म्हणजे केबलपर्यंत सगळं ठीक आहे.

आधी सोपा उपाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज ड्रायव्हर (ड्राइव्ह चालवणारा प्रोग्रॅम) पुन्हा स्वतःच बसवतं. तरीही कोड ३९ आला, तर रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतल्या, फिल्टरांवर संशय घ्यायचा. सीडी बर्न करणारी किंवा व्हर्च्युअल ड्राइव्ह तयार करणारी सॉफ्टवेअर ड्राइव्हच्या ड्रायव्हरला आपला फिल्टर (मध्ये बसणारा छोटा प्रोग्रॅम) जोडतात. सॉफ्टवेअर काढलं किंवा विंडोजचं मोठं अपडेट आलं की फिल्टरची नोंद मागे राहते, पण ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती फाइल नसते. मग ड्रायव्हर लोडच होत नाही. कोड १९, ३१, ३२, ३७ आणि ४१ यांच्यामागेही बरेचदा हेच असतं.

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि येणाऱ्या चौकटीत regedit लिहून ‘रेजएडिट’ उघडा. ‘एचकी लोकल मशीन’, ‘सिस्टम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’, ‘क्लास’ असं आत जा. तिथे महिरपी कंसातल्या लांबलचक नावांची रांग दिसेल. त्यातली ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी ‘की’ (रजिस्ट्रीतलं फोल्डर) निवडा. उजवीकडे ‘क्लास’पुढे ‘सीडीरॉम’ लिहिलेलं दिसलंच पाहिजे. नसेल तर तिथून मागे फिरा. हे इतकं बजावून सांगण्याचं कारण, दोनच घरं पुढे, ९६७ ला, हार्ड डिस्कची की आहे. तिच्यातही ‘अपर फिल्टर्स’ असतो, पण तो विंडोजला हवा असतो. तो उडवला तर मशीन सुरूच होणार नाही.

बरोबर की मिळाली की तिच्यावर राइट क्लिक करून ‘एक्सपोर्ट’ने एक प्रत डेस्कटॉपवर ठेवा. मग उजव्या बाजूच्या ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ या दोनच नोंदी डिलीट करा. दोन्हीपैकी एकच असेल तर तेवढीच. रीस्टार्ट करा. नंतर एखादं बर्निंग सॉफ्टवेअर रुसलं तर ते पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल, एवढंच.

ड्राइव्ह दिसू लागल्यावर आणखी एक शक्यता उरते: नाव आहे, पण ड्राइव्ह लेटर (डी:, ई: असं अक्षर) नाही. तसं असेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये खाली सीडीरॉमवर राइट क्लिक करून लेटर द्या.

प्रश्न (सातपूर): वर्कशॉपच्या पीसीमध्ये नवीन एम.२ एसएसडी बसवली. तेव्हापासून डीव्हीडी रायटर बायोसमध्येही दिसत नाही. मशीनच्या जुन्या ड्रॉइंग सीडीवरच आहेत.

उत्तर: ड्राइव्ह भंगारात काढू नका, बहुधा तो चांगला आहे. अनेक मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवायची खाच) आणि एखाददुसरा साटा पोर्ट यांची लाइन एकच असते. स्लॉटमध्ये एसएसडी बसली की तो पोर्ट बंद पडतो. कुठला पोर्ट बंद होतो ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते हाताशी नसेल तर रायटरची डेटा केबल एकेका मोकळ्या पोर्टला लावून दर वेळी बायोस बघा.

पोर्ट बदलूनही दिसला नाही तर केबल तपासा. डेटाची केबल ७ पिनांची, अरुंद. वीजेची १५ पिनांची, रुंद. एसएसडी बसवताना हात लागून डेटा केबल अर्धवट निघणं नेहमीचंच आहे, विशेषतः क्लिप नसलेली जुनी केबल असेल तर. काम करण्याआधी मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. वर्कशॉपमध्ये तेलकट धूळ कनेक्टरवर बसते आणि पावसाळ्यातल्या ओलीने तिचा चिकट थर होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने तो पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. शेवटची खात्री म्हणजे चालू हार्ड डिस्कची केबल आणि पोर्ट रायटरला तात्पुरते लावून बघणं. त्यावरही बायोसमध्ये नाव आलं नाही, तरच रायटर गेला म्हणायचं.

प्रश्न (पंचवटी): लॅपटॉपला लावलेला बाहेरचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह टकटक आवाज करतो आणि दिसतो न दिसतो तोच गायब होतो.

उत्तर: वीज कमी पडते आहे. डिस्क फिरायला लागताना मोटर सर्वांत जास्त करंट ओढते, आणि यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपियरपर्यंतच द्यायला बांधील असतो. यूएसबी ३ ला ही मर्यादा ९०० आहे. म्हणून हब काढून टाका, लांब केबल टाळा आणि थेट यूएसबी ३ पोर्टला लावा. ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं जोडा.

प्रश्न (नाशिकरोड): ड्राइव्ह दिसतो, सीडी चालते, पण डीव्हीडी टाकली की ‘डिस्क टाका’ असंच म्हणतो.

उत्तर: इथे केबल आणि रजिस्ट्रीला हात लावू नका. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या. दुसरा लेझर थकला की नेमकं हेच होतं. एकदा लेन्स पुसून बघा: आयसोप्रोपिलचा थेंब लावलेला इअरबड, हलका हात, कारण लेन्स बारीक स्प्रिंगवर तरंगती असते. फरक पडला नाही तर ड्राइव्ह बदला. फरक पडला तर त्याच बैठकीत डीव्हीडीतलं ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर अख्खं हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. एका थराच्या डिस्कला साडेचार जीबीच्या आसपास जागा लागते. थकलेला लेझर पुन्हा कधी दगा देईल याचा भरवसा नसतो, म्हणून ज्या डिस्कची दुसरी प्रत कुठेच नाही, ती आधी घाला.