मॅपचं जेसॉन करण्याआधी की तपास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जावास्क्रिप्टमधला भरलेला मॅप (की आणि तिची किंमत अशा जोड्यांचा संग्रह) जेसॉन डॉट स्ट्रिंगिफायला, म्हणजे डेटाचा जेसॉन हा मजकूर बनवणाऱ्या फंक्शनला, दिला आणि हाती नुसतं {} (रिकामा ऑब्जेक्ट) आलं, एररही नाही, असं लिहिलं आहेस. स्ट्रिंगिफाय ऑब्जेक्टच्या स्वतःच्या प्रॉपर्टीज बघतं. मॅपच्या नोंदी तिथे नसतातच, त्या आत वेगळ्या ठेवलेल्या असतात. म्हणून त्याच्या लेखी तुझा मॅप रिकामाच. मॅप २०१५ साली भाषेत आला, पण जेसॉनने त्याची दखल अजून घेतलेली नाही.

कुणालाही विचार, ऑब्जेक्ट डॉट फ्रॉमएंट्रीज वापर म्हणेल, ते जोड्यांपासून साधा ऑब्जेक्ट बनवतं. २०१९ पासून ते आहे आणि एका ओळीत काम होतं. की साध्या स्ट्रिंग असतील तर खुशाल वापर. पण तुझ्या मॅपमध्ये दवाखान्याचे टोकन नंबर आहेत. समज, पेशंट ४१, ७, १९ या क्रमाने भरलेस. ऑब्जेक्टमध्ये पूर्णांकासारख्या की चढत्या क्रमाने लागतात: ७, १९, ४१. ज्याचा पहिला नंबर, तो शेवटी गेला! शिवाय जेसॉनमध्ये ऑब्जेक्टची की स्ट्रिंगच असते. त्यातून परत मॅप बांधलास आणि गेटला (की देऊन किंमत काढणाऱ्या मेथडला) ४१ दिलंस, तर अनडिफाइन्ड, म्हणजे काहीच सापडत नाही. आत "४१" आहे, अवतरणचिन्हांतलं. क्रमाची गडबड टेस्टमध्ये सहसा सापडत नाही, कारण टेस्टचा डेटा आपण १, २, ३ असाच भरतो.

मी तरी जोड्यांचा अ‍ॅरेच पाठवतो. अ‍ॅरे डॉट फ्रॉमला मॅप दे, मग स्ट्रिंगिफाय. येताना जेसॉन डॉट पार्सने मजकुराचा परत डेटा करून थेट न्यू मॅपला दे. क्रम टिकतो, नंबर नंबरच राहतो. समोरची एपीआय (तुझा डेटा घेणारी सेवा) ऑब्जेक्टच मागत असेल तर नाइलाज. मग क्रम वेगळ्या फील्डमध्ये पाठव.

मॅपच्या आत मॅप असेल तर स्ट्रिंगिफायला रिप्लेसर (प्रत्येक किंमत बदलून देऊ शकणारं फंक्शन) दे. मॅप दिसला की जोड्यांसोबत 'हा मॅप आहे' अशी खूण असलेला ऑब्जेक्ट परत कर आणि पार्सच्या रिव्हायवरमध्ये (परत येताना तेच काम करणाऱ्या फंक्शनमध्ये) ती खूण बघून मॅप बांध. खूण नसेल तर साधा अ‍ॅरे कोणता आणि मॅप कोणता, ओळखणार कसं? मॅप डॉट प्रोटोटाइपवर, म्हणजे सगळ्याच मॅपना, टूजेसॉन (स्ट्रिंगिफाय आधी बोलावतं ती मेथड) चिकटवायचा मोह होईल, तो टाळ. पानावरच्या बाकीच्या लायब्रऱ्याही तोच मॅप वापरतात.

एक राहिलं: की म्हणून ऑब्जेक्ट वापरले असशील तर जोड्याही कामाच्या नाहीत. पार्स करून येणारा ऑब्जेक्ट नवा असतो, जुना देऊन गेट केलंस तर काही सापडणार नाही. तिथे पेशंटचा आयडी की म्हणून घे.

कळावे.