बाळ झाल्यावर कपाटाचं काय करायचं? आत्ताच्या अंगाला बसेल ते घे

प्रश्न: ताई, बाळ साडेचार महिन्यांचं झालं, पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू होतंय आणि माझ्याकडे घालायला काही म्हणजे काही नाहीये. जुनी जीन्स मांडीच्या वर सरकत नाही, शर्टाची बटणं छातीवर फाकतात, प्रेग्नन्सीतले कपडे आता पोटावर लोंबतात. नवरा म्हणतो घेऊन टाक सगळं नवीन, आई व्हिडिओ कॉलवर म्हणते थांब जरा, वजन उतरेल, पैसे वाया जातील. मी अजून अंगावर पाजते. इथे परदेशात दुकानात सोबत यायला कोणी नाही. काय करू?

उत्तर: अगं, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. सगळं कपाट नवीन करायची ही वेळ नाही, पण म्हणून ऑफिसला काय चादर गुंडाळून जायचं का? पुढच्या सहा महिन्यांपुरते, आत्ताच्या मापाचे, मोजके कपडे घे आणि बाकीचा विषय दूध सुटेपर्यंत बंद ठेव.

आईला हेही सांग की हा नुसता वजनाचा प्रश्न नाहीये. गर्भाशय साधारण 6 आठवड्यांत आपल्या जागी येतं, ते तुझं कधीच झालंय, पण बरगड्यांचा घेर प्रेग्नन्सीत वाढतो तो सगळ्यांचाच पूर्ण परत येतो असं नाही, पोटाचे मधले स्नायू बाजूला सरकलेले असतात त्यांना वेळ लागतो, आणि पाजतेस तोवर छातीचं माप तर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. म्हणजे उद्या काटा जुन्या आकड्यावर आला तरी ती जीन्स बसेलच याची गॅरंटी नाही. (झोपल्यावरून उठताना पोटाच्या मधोमध अजूनही उंचवटा येत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखव, तो कपड्यांनी झाकायचा विषय नाही.)

तर पहिलं काम, एका शनिवारी बाळ झोपलं की कपाट उघड आणि आज जे बसत नाही ते सगळं एका खोक्यात भर. टाकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, फक्त डोळ्यांसमोरून हलवायचं. रोज सकाळी त्या जीन्सचं तोंड बघून दिवस सुरू करायचा काही फायदा नाही. खोक्यावर तारीख लिही, दूध सुटल्यावर दोन-तीन महिन्यांनी उघड, कारण छातीचं माप तेव्हाच स्थिर होतं, त्याआधी शर्ट-ब्लाउजचा निकाल लावणं घाईचं होईल.

आता खरेदी. आणि इथे मी जरा हट्टी आहे, पहिले पैसे ब्रावर घाल, कपड्यांवर नाही. माप चुकलेली ब्रा असेल तर वरून कितीही चांगला टॉप घाल, तो बसणार नाही. शिवाय घट्ट ब्रा किंवा टोचणारी वायर यांनी एकाच जागी सतत दाब पडला तर दुधाची गाठ होऊ शकते, आणि ती जागा लाल झाली, दुखायला लागली, ताप आला तर थेट डॉक्टरकडे, घरच्या घरी शेकत बसू नकोस. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात माप फार खालीवर होतं, तुझा तो काळ संपलाय, म्हणजे आता नीट माप घेऊन घ्यायला हरकत नाही. घालून बघताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर व्यवस्थित बसली पाहिजे, म्हणजे पुढे घेर कमी झाला की आतल्या हुकावर सरकता येतं. आणि छाती दुधाने भरलेली असताना कप काचत नाही ना ते बघ, रिकामी असताना सगळंच छान वाटतं. तीन पुरतात, एक अंगावर, एक धुण्यात, एक कोरडी.

आता परदेशातला गोंधळ, आकडे. ब्रिटनचा ड्रेस 12 म्हणजे अमेरिकेचा 8, फ्रान्सचा 40, जर्मनीचा 38. ब्राचा 34 हा पट्टा जर्मनीकडे 75 होतो आणि फ्रान्समध्ये 90. त्यात कपची अक्षरंसुद्धा देशागणिक बदलतात, ब्रिटनचा ई अमेरिकेत ट्रिपल डी. त्यामुळे टेप घेऊन छातीखालचा घेर, छाती, कंबर, हिप्स अशी चार मापं सेंटीमीटरमध्ये फोनवर लिहून ठेव आणि त्या त्या ब्रँडच्या चार्टशी जुळव. लेबलवरचा नंबर वाढला म्हणून मन खट्टू करून घेऊ नकोस गं, दोन ब्रँडमध्येच एक साइज इकडेतिकडे असतो.

सोबत कुणी नाही म्हणतेस तर ट्रायल रूमचा नादच सोड. ऑनलाइन एकाच पँटच्या दोन साइज मागव, घरी घाल, खाली बस, वाक, बाळाला उचल, मग न बसणारी परत पाठव. आरशासमोर सरळ उभं राहून सगळ्याच पँटी बसतात. टॅग मात्र काढायचे नाहीत आणि परत करायची मुदत आधी वाचायची.

ऑफिससाठी पँट किंवा ट्राउझर दोन घे, कॉटनमध्ये थोडं इलास्टेन (ताणणारा धागा) असलेल्या, कंबरेला रुंद पट्टा. सिझेरियन झालं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण टाका ओटीपोटात खाली असतो आणि लो-वेस्ट जीन्सचा काठ नेमका तिथेच घासतो, त्यामुळे आतले कपडे आणि पँट दोन्ही टाक्याच्या वर जाणारे हवेत. वर घालायला चार-पाच टॉप, बस. पुढून बटणांचे, रॅप स्टाइलचे, किंवा आत एक स्ट्रेचवाली बनियन-टाइप स्लिप आणि वर साधा शर्ट, वरचा वर आणि आतला खाली केला की पोट उघडं न पडता पाजता येतं. ऑफिसात पंपाने दूध काढणार असशील तर मागे झिप असलेला वनपीस ड्रेस कितीही आवडला तरी ठेवून दे, पंप लावायला तो सगळाच्या सगळा उतरवावा लागतो, आणि पुढची मीटिंग दहा मिनिटांत असते. खास नर्सिंगचे कपडे घ्यायलाच हवेत असं नाही हां, एखाद-दोन पुरे. घेतलेसच तर सेकंडहँड बघ, बायका ते काही महिनेच वापरतात त्यामुळे चांगल्या अवस्थेत मिळतात. ब्रा मात्र नवीच.

रंग. फिकट राखाडी टी-शर्ट आत्ता नको, दुधाचा एक थेंब सांडला तरी मोठा डाग दिसतो, तसंच हलकं सिल्क आणि सॅटिन. बारीक प्रिंट, नेव्ही, काळा, यात खपून जातं. ब्रेस्ट पॅड बॅगेत जास्तीचे ठेव, ओले झाले की लगेच बदल, आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक पुढून उघडं जॅकेट किंवा कार्डिगन घडी करून ठेव, अडीअडचणीला तेच वाचवतं. दुधाचे डाग आधी गार पाण्यात, गरम पाणी एकदम घातलंस तर दुधातलं प्रोटीन कापडात पक्कं बसतं. मशीनमध्ये न धुता येणारं काहीही आत्ता घरात आणूच नकोस असं माझं स्पष्ट मत आहे, ड्रायक्लीनिंगच्या फेऱ्या मारायला वेळ कुणाकडे आहे?

बाळ आता सगळं ओढायला लागलं असेल. टिकल्या, मणी, सैल बटणं, गळ्यातल्या गाठींच्या दोऱ्या असलेले कपडे घरात नकोत, ते टोचतातही आणि तोंडातही जातात. अजून एक गोष्ट जी फार कुणी सांगत नाही. साधारण तीन-चार महिन्यांपासून आईचे केस खूप गळतात (घाबरू नकोस, बहुतेकींचं आपोआप थांबतं), ते केस धुण्यात बाळाच्या मोज्यांमध्ये, पायमोजेवाल्या झबल्यात जातात आणि एखादा केस बाळाच्या बोटाला घट्ट गुंडाळला जाऊ शकतो. मोजे उलटे करून झटकायचे, बाळ कारण नसताना खूप रडत असेल तर हातापायाची बोटं बघायची. बोट सुजलेलं, लाल दिसलं आणि केस सहज निघाला नाही तर लगेच डॉक्टर.

बुटांचं थोडक्यात. प्रेग्नन्सीत पाऊल पसरतं आणि पुष्कळ जणींचं अर्धा साइज वाढलेलंच राहतं. जुने बूट चावत असतील तर 'सुजलंय, उतरेल' म्हणून रेटू नकोस, एक चांगला सपाट जोड घे.

थंड देशात असशील तर कोटाचा प्रश्न येईलच. नवीन कोट घेऊ नकोस. झिपवाल्या कोटाला मध्ये जोडायचं एक्स्टेंडर पॅनेल मिळतं, त्यात अंगावर बांधायच्या कॅरिअरमधलं बाळ मावतं आणि कोट जुनाच चालतो, फक्त झिपचा प्रकार जुळतोय का ते बघून घे. बाळाचं तोंड आणि नाक मात्र कायम मोकळं, तुला दिसेल असं. आणि कारसीटमध्ये बसवताना बाळाला जाड जॅकेट घालू नये, पट्टा नीट आवळला जात नाही, पट्टा लावल्यावर वरून पांघरूण घालायचं.

राहिले आपले कपडे. साड्यांना काही झालेलं नाही, प्रश्न ब्लाउजचा. टाकून देण्याआधी उलटा करून बघ, शिलाईच्या आत माया (जास्तीचं कापड) ठेवलेली असते, टीप उसवली की बरेचदा काम भागतं आणि पुढे परत आत घेता येतं. इथे शिलाई करणारं कुणी मिळत नसेल तर स्ट्रेचचा रेडीमेड ब्लाउज एक काळा, एक सोनेरी, सगळ्यावर चालतो. भारतातून कुणी येणार असेल आणि आई कुर्ते पाठवते म्हणत असेल तर 'अंदाजाने घे' म्हणू नकोस, आईच्या डोळ्यांसमोर अजून तुझं लग्नाआधीचं माप आहे! तुला बसणारा एक कुर्ता जमिनीवर पसर, टेप लावून फोटो काढ आणि तो पाठव. छाती आणि दंडाला दीड-दोन इंच सैल सांग, गळ्यापासून खालपर्यंत पुढून बटणं किंवा झिप सांग, आत माया जास्त ठेवायला सांग, आणि मापं इंचात आहेत की सेंटीमीटरमध्ये ते सगळ्यात वर लिही.