काढून टाकलेला थर्मोस्टॅट आणि थंडीतलं अ‍ॅव्हरेज

प्रश्न : माझी 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. उन्हाळ्यात शहरात 16 चं अ‍ॅव्हरेज होतं, डिसेंबरपासून 12.5 वर आलंय. जुळे सोलापूर ते नवी पेठ, एका बाजूचे 6 किलोमीटर, एवढंच रोजचं फिरणं. सकाळी 10 मिनिटं गाडी गरम करूनच काढतो. मे महिन्यात गाडी हीट होत होती म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तेव्हापासून ती तक्रार नाही. हे थंडीमुळेच होतंय ना?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : थंडीला थोडाच दोष द्या. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण 15-16 अंशांवर, एखाद्या लाटेत त्याहून खाली, आणि दुपारी पुन्हा 30. एवढ्या गारठ्याने साडेतीन किलोमीटर जात नाहीत.

हिशेब मांडून पाहा. रोजच्या 12 किलोमीटरला 16 च्या अ‍ॅव्हरेजने 750 मिली पेट्रोल लागतं, 12.5 च्या अ‍ॅव्हरेजने 960 मिली. म्हणजे 210 मिली जादा. असं इंजिन जागेवर उभं राहून तासाला साधारण पाऊण लिटर पितं. 10 मिनिटांचे झाले 120-125 मिली. अर्ध्याहून जास्त चोरी पार्किंगमध्येच सापडली. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे हल्लीच्या, गाडीला असं तापवत बसावं लागत नाही. स्टार्ट करा, सीटबेल्ट लावा, अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले 2-3 किलोमीटर आरपीएम 2500 च्या वर नेऊ नका. चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं. गिअरबॉक्स आणि टायर तर उभ्या गाडीत गरम होतच नाहीत.

उरलेल्या 85-90 मिलीत आमचा मुख्य संशय त्या काढलेल्या थर्मोस्टॅटवर आहे. आपल्याकडे उन्हाळा लागला की हा भाग काढून फेकायची पद्धतच पडली आहे. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारा व्हॉल्व्ह. इंजिन गार असताना तो बंद राहतो, त्यामुळे कूलंट इंजिनातच फिरतं आणि पटकन तापतं. 82 किंवा 88 अंशांना (आकडा व्हॉल्व्हवरच कोरलेला असतो) मेण फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. तो नसला की पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहतं. मे महिन्यात हे कळत नाही. जानेवारीच्या सकाळी इंजिन 60-65 अंशांवरच रेंगाळतं, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून गारच आहे, आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. जुन्या गाडीचा चोक ओढलेलाच राहावा, तसं. त्यातलं काही पेट्रोल न जळता रिंगांमधून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा : सायीसारखा पिवळट थर दिसला तर इंजिन पुरतं तापत नसल्याची ती खूण. (कूलंटची पातळीही उतरत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या.)

खात्री करायला गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. गाडी 15-20 मिनिटं रस्त्यावर चालवल्यावर कूलंटचं तापमान 85-95 च्या दरम्यान दिसायला हवं. पी0128 हा कोड (कूलंट पुरेसं तापत नाही) आला असेल तर प्रश्नच मिटला. स्कॅनर नसेल तर गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावून बघा, पंख्यापासून हात लांब ठेवून. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह नाही, किंवा उघडाच अडकलाय. डॅशबोर्डवरच्या निळ्या दिव्यावर विसंबू नका, इंजिन पूर्ण तापायच्या बरंच आधी तो विझतो.

नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळतो. कंपनीने सांगितलेल्या तापमानाचाच घ्या आणि बसवण्याआधी घरीच तपासा : पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने मधोमध लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत 7-8 मिलिमीटर उघडला पाहिजे. बसवताना गॅस्केट नवं, हलती पिन वरच्या बाजूला. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मंनिम्मं किंवा तयार मिळतं ते. बोअरचं पाणी अजिबात नको. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवा आणि आतली हवा बाहेर काढा, नाहीतर हवेच्या बुडबुड्यामुळेच गाडी पुन्हा हीट होईल.

आणि मे महिन्यात गाडी का तापत होती, ते अजून शोधायचंच आहे. धुळीने भरलेल्या जाळ्या, क्षाराने तुंबलेला रेडिएटर, मंद झालेला पंखा, रेडिएटरचं दाब न धरणारं झाकण, यांपैकी काहीतरी निघेल. थर्मोस्टॅट काढल्याने दुखणं झाकलं गेलं, बरं झालं नाही.

प्रश्न : थंडीत टायरमध्ये हवा किती ठेवावी? पंपावर सगळ्यांना सरसकट 35 भरतात.
– वाचक, होटगी रोड

उत्तर : ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचाच आकडा. फक्त तो गार टायरचा असतो, म्हणून हवा सकाळी, 2 किलोमीटरच्या आत भरा. 42 अंशांच्या दुपारी भरलेले 33 पीएसआय 15 अंशांच्या पहाटे 29 च्या आसपास येतात, पंक्चर नसताना. चारही टायरमध्ये 1 पीएसआय कमी झाला तर अ‍ॅव्हरेज सुमारे 0.2 टक्के घटतं. पैशात हे फार नाही, पण टायरच्या कडा झिजतात तो खर्च मोठा आहे.

प्रश्न : माझी सीएनजी गाडी सकाळी 4-5 किलोमीटर पेट्रोलवरच चालते. किट बिघडलंय का?
– वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : बहुतेक नाही. टाकीत 200 बारच्या दाबाने भरलेला गॅस रिड्यूसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागात) एकदम पसरतो आणि प्रचंड गार होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनच्या कूलंटची ऊब दिलेली असते, आणि कूलंट ठरलेल्या तापमानाला, साधारण 30-40 अंशांना, पोचल्याशिवाय किट गॅसवर जात नाही. आपल्या हवेत त्याला किलोमीटर-दोन किलोमीटर पुरेत. 5 लागत असतील तर आधी कूलंटची पातळी, मग वरच्या उत्तरातला थर्मोस्टॅट, मग रिड्यूसरवरचा सेन्सर, या क्रमाने बघा.

प्रश्न : पहाटे पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं म्हणतात, खरं का?
– वाचक, सात रस्ता

उत्तर : नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट-दुपारचा फरक जेमतेम पोचतो. झोप मोडू नका.

प्रश्न : थंडीत अ‍ॅव्हरेज पडतं ते इथेनॉलमुळे नसेल?
– वाचक, मोहोळ

उत्तर : इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं हे खरं. पण ते मे महिन्यातही तेवढंच उतरतं. मोहोळ-सोलापूर ये-जा असेल तर आणखी एक गोष्ट धरा : थंडी आणि गाळप हंगाम आपल्याकडे एकदमच येतात. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगायचं, मग ओव्हरटेकला अ‍ॅक्सिलरेटर तळाला न्यायचा, याचं पेट्रोलही टाकीतूनच जातं. ताडून बघायचं तर एखाद्या रविवारी ट्रॉल्या तुरळक असताना निघा, नेहमीच्या पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथवरच टाकी भरा, निदान 300 किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा तशीच भरून भागाकार करा.