दार कुरकुरतं की करकरतं?

प्रश्न असा आहे: ‘दाराच्या दुरुस्तीबद्दल लिहितोय. दार कुरकुरतं म्हणू की करकरतं? आणि बिजागरीला तेल लावायचं की घालायचं?’

आधी दार हळूच ढकलून ऐका. सुकलेल्या बिजागरीतली खीळ सरळ फिरत नाही. ती अडकते, सुटते, पुन्हा अडकते. दार सावकाश उघडलं तर हे हिसके सुटे सुटे ऐकू येतात, ते ‘कर्र’. हिसके दाट झाले की ‘किर्र’, आणि एकमेकांत मिसळून सूर लागला की ‘कुईं’. गंमत म्हणजे ‘र’ म्हणताना आपली जीभही टाळूवर अशीच थरथरते. दाराच्या आवाजात आपल्याला ‘र’ ऐकू येतो, तो उगाच नाही.

म्हणून मी ‘करकरतं’च्या बाजूचा, खरं तर ‘दार करकर वाजतं’ हेच बोलण्यात जास्त. नव्या वहाणा करकर वाजतात, झोपेत दात करकर वाजतात; कोरड्या घासण्याचा हा शब्द आहे. ‘कुरकुर’मध्ये तक्रारीचा सूर आहे, ती माणसं करतात. अर्थात जुनी खाट कुरकुरते असं आपण सर्रास म्हणतो, तेव्हा दार कुरकुरलं तर ते चूक नाही. फक्त दाराला थोडा स्वभाव येतो! गोष्टीत शोभेल, दुरुस्तीच्या टिपणात नको. ‘किरकिर’ मात्र तान्ह्या मुलासाठी राहू द्या. आणि दार फरशीला टेकत असेल तर ते ‘घासतं’, तिथे तेलाचा काही उपयोग नाही.

आता तेल. डोक्याला तेल लावतात, दिव्यात घालतात, शिलाई मशीनला देतात. बिजागरीत ते ‘सोडतात’, आणि इथे क्रियापद नेमकं असणं कामाचं आहे. ‘लावा’ म्हटलं की माणूस वरून बोट फिरवून मोकळा होतो. आवाज दोन दिवसांत परत. मी तेच करत होतो. शेवटी दार बंद ठेवून एक खीळ वर ठोकून काढली, तर तिच्यावर काळी, गंजमिश्रित घाण. ती पुसून, मशीनचं तेल चोळून खीळ परत बसवली, मग दुसरी. दोन्ही एकदम काढू नका, दार अंगावर येईल. स्वयंपाकाचं तेल टाळा. ते चिकट होऊन धूळ धरतं. तेल नसेल तर खिळीवर मेणबत्ती घासली तरी भागतं.

‘वंगण’ हा शब्दही चालेल, पण मला त्यात अजून बैलगाडीचं चाकच दिसतं. दोन थेंबांसाठी जरा जड वाटतो. ‘बिजागरी’ लिहा किंवा ‘बिजागर’, दोन्ही रूढ आहेत.