मते पटली, कादंबरी पटली नाही

प्रश्न : आमच्या वाचक गटाने गेल्या महिन्यात एक नवी राजकीय कादंबरी वाचायला घेतली. विषय आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकांच्या आंदोलनाचा. माझे माहेर निफाड तालुक्यातले आणि वडील १९८० साली कांदा-उसाच्या भावासाठी मुंबई-आग्रा रस्त्यावर बसलेल्यांपैकी, त्यामुळे मी ती फार अपेक्षेने उघडली. लेखकाची बहुतेक मते मला मान्य आहेत, तरीही निम्म्यावर आल्यावर पुढे वाचवेना. नायक तोंड उघडतो ते भाषण करायलाच, व्यापारी केवळ लुबाडण्यासाठी जन्माला आलेले, आणि नायकाची बायको हे सारे ऐकून घेण्यापुरती. गटात तसे म्हटल्यावर, ‘तुम्हाला राजकारणच नको आहे’ असे मला सुनावण्यात आले. ते खरे आहे का? आणि उरलेली कादंबरी वाचावी का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ते खरे नाही, आणि याचा पुरावा आपल्या पत्रातच आहे. लेखकाशी मतभेद असलेल्या वाचकाला कादंबरी कंटाळवाणी वाटली, तर त्यात मतभेदाचा वाटा किती आणि लेखनातल्या उणिवेचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते. आपल्याला मते पटली आणि तरीही वाचवेना, म्हणजे कुठेतरी कादंबरीच कमी पडली आहे.

सामाजिक हेतू मराठी कादंबरीला कधीच परका नव्हता. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या दुःस्थितीसाठीच लिहिली गेली आणि धर्मप्रचाराचा आपला हेतूही तिने झाकून ठेवला नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः लिहिलेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मागचा संतापही त्याच प्रश्नाबद्दलचा आहे. परंतु तिथे लेखक स्वतः बोलत नाही, नायिका यमू बोलते, आणि तिला ज्या वयात जेवढे कळत होते तेवढेच ती आधी सांगते, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे हे तिच्याआधी वाचकाला जाणवू लागते आणि त्याचा जीव कासावीस होतो. त्यातले खलपात्र शंकरमामंजी एकांगी रंगवले आहेत हे मान्य करूनही मी असे म्हणेन की, केशवपनाविरुद्धच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा यमूचे हे कथन अधिक राजकीय आहे. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७७) तर राजकारणाखेरीज फारसे काही नाही, तरीही कोणाची बाजू घ्यायची हे आपल्याला कोणी सांगत बसत नाही.

आपण वाचत असलेल्या कादंबरीत नेमके हेच घडत नाही, असे आपल्या वर्णनावरून दिसते. पहिल्या पानावरच नायकाला सारी उत्तरे ठाऊक आहेत. मग त्याने आंदोलन केले काय आणि न केले काय, त्याच्या आत काहीच हलत नाही. मला याचे विशेष वाईट वाटते ते विषयामुळे. कांद्याइतके राजकारण जवळ बाळगणारे दुसरे पीक आपल्या जिल्ह्यात क्वचितच सापडेल. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर कोठारात, भरून ठेवणारा शेतकरी भाव चढण्याची वाट पाहतो, आणि दर आठवड्याला माल सडतो, वजन घटते. आज विकावा की थांबावे, हा निर्णय रात्री जेवताना घरातच घेतला जातो. लाल कांद्याला तेवढीही सवड नसते, कारण तो टिकत नाही. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली तेव्हा लाल कांदाच बाजारात येत होता, आणि ती बंदी पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात उठली. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून घेतलेला तो निर्णय लासलगावच्या लिलावात उभ्या असलेल्या माणसावर थेट येऊन आदळला. अशा वेळी निर्यातीचा सौदा करून बसलेला व्यापारी कोणत्या पेचात सापडतो, तो शेतकऱ्याला पाडून भाव सांगतो तेव्हा त्याची भीती किती आणि लोभ किती, हे लिहिल्याने शेतकऱ्याची बाजू लंगडी पडत नाही. उलट ज्या व्यवस्थेशी नायक लढतो आहे ती प्रथमच डोळ्यांपुढे उभी राहते. आणि चाळीतला कांदा निवडणारी, मुलीच्या फीचा हिशेब त्याच कांद्यावर मांडणारी बायको जर फक्त ऐकून घेत असेल, तर जिच्या घरात हे राजकारण रोज घडते तिलाच लेखकाने वगळले, असे म्हणावे लागेल.

त्यामुळे आपल्याला राजकारण नको, केवळ ‘कलाकुसर’ हवी आहे, असे कोणी म्हटले तर गटात आपण ते मान्य करू नये. व्यापाऱ्याला माणूस करा आणि बायकोला बोलू द्या, ही मागणी राजकीयच आहे. पुढच्या बैठकीत नायकाचे एखादे लांब भाषण मोठ्याने वाचावे आणि ते उचलून दुसऱ्या कोणत्याही पात्राच्या तोंडी घातले तर काय बिघडेल, असे सर्वांना विचारावे. काहीच बिघडत नसेल, तर चर्चेला नेमकी जागा मिळेल. आपल्याशी असहमत असलेल्यांना कदाचित अशी पानेही दाखवता येतील जिथे ते बिघडते, आणि ती आपण जरूर ऐकावीत.

उरलेली कादंबरी पूर्ण करण्याचे बंधन आपल्यावर नाही. बायको किंवा एखादा व्यापारी नायकाच्या गैरहजेरीत बोलतो असे एखादे प्रकरण पुढे आहे का, ते चाळून पाहावे. असल्यास तेवढे वाचावे, नसल्यास पुस्तक गटातल्या दुसऱ्या वाचकाला द्यावे. वडिलांकडून १९८०च्या आठवणी ऐकणे शक्य असेल, तर त्या मात्र लिहून काढाव्यात. रस्त्यावर बसलेल्या माणसाच्या घरी त्या दिवसांत चूल कोणी सांभाळली, हेही त्यात यावे.